शिकारीसाठी दुर्बिणीचं रिव्हॉल्व्हर

अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणामागे रायफलऐवजी रिव्हॉल्व्हर घेऊन जाणारे शिकारी बहुधा .४४ मॅग्नम निवडतात, आणि ते योग्यच आहे. आयडाहोचा शिकारी-लेखक एल्मर कीथ याने ज्याचा ध्यास घेतला, ते हे काडतूस १९५० च्या दशकात स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरसह आलं.

दुर्बीण बसवायची तर १९८७ साली आलेलं रुगरचं सुपर रेडहॉक पाहावंच! दुर्बीण धरणाऱ्या कड्यांसाठीच्या खाचा थेट फ्रेममध्येच कोरलेल्या असतात, त्यामुळे जबर धक्क्यातही दुर्बीण हलण्याची भीती कमी. साडेसात इंची नळीचं मॉडेल दीड किलोच्या आसपास भरतं. हात भरून येतो खरा, पण धक्का सोसतं ते हेच वजन.

रायफलची दुर्बीण इथे निरुपयोगी, कारण ती डोळ्यापासून तीन-चार इंचांवरच नीट दिसते. हात लांब करूनही स्पष्ट दिसेल अशी, दोन ते चारपट मोठं दाखवणारी खास हँडगनची दुर्बीणच घ्यावी.