पातेऱ्यातला ताप

दोडामार्ग तालुक्यात फेब्रुवारी सरत आला की काजूच्या बागांत सकाळ लवकर सुरू होते. रात्रभरात गळलेले बोंडू ऊन चढायच्या आत गोळा करायचे, पीळ देऊन बी सुटी करायची आणि पिशवीत टाकायची. दिसायला सोपं काम. पण झाडाखाली घोटाभर पातेरा साचलेला असतो, म्हणजे वाळून पडलेला पाला, आणि बी त्याच्यात बुडते. अशाच एका बागेत गेल्या हंगामात मी एका बाईंबरोबर सकाळभर होते. त्या वाकून उजव्या हाताने पातेरा सारत होत्या आणि डाव्या हाताने बी उचलत होत्या. काठीने का नाही उकरत, असं विचारल्यावर हात न थांबवता म्हणाल्या, “पातेऱ्यात हात घातल्याशिवाय बी गावता काय?”

थोड्या वेळाने त्यांच्या मनगटावर एक तपकिरी ठिपका दिसला. खसखशीच्या दाण्याएवढा. मी बघत असतानाच तो कोपराच्या दिशेने चालू लागला. बाईंनी तो नखाने उडवला आणि पुढचं बोंडू उचललं.

तो ठिपका म्हणजे गोचिडीचं निम्फ, तिच्या आयुष्यातली मधली अवस्था. बहुतेक निम्फांमध्ये कसलाही विषाणू नसतो. पण ज्या थोड्यांमध्ये असतो त्यांच्या चाव्यातून माकडताप होतो. तीन ते आठ दिवसांत एकाएकी थंडी वाजून ताप भरतो, डोकं फुटल्यासारखं दुखतं, अंग मोडून येतं. काहींच्या हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं. शंभरातले दहा ते वीस रुग्ण बरे होत आले असं वाटत असतानाच तिसऱ्या आठवड्यात पुन्हा आजारी पडतात. या खेपेला भ्रम, कंप, दिसण्यात दोष अशी मेंदूच्या बाजूची लक्षणं असतात. शंभरातले तीन ते पाच दगावतात. विषाणूवर थेट औषध नाही. सलाईन, रक्तदाबावर लक्ष, वेळेवर हॉस्पिटल, एवढंच हातात असतं.

‘माकडताप’ या नावाबद्दल माझी तक्रार आहे. कर्नाटकातही त्याला ‘मंगन कायिले’, माकडांचा आजार, असंच म्हणतात. नाव ऐकून माणूस माकडाकडे संशयाने बघतो, गोचिडीकडे बघतच नाही. माकड मात्र या आजाराने आपल्याआधी मरतं.

तशाच मेलेल्या माकडांमुळे हा आजार जगाला कळला. 1957 च्या मार्चमध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात, क्यासनूर नावाच्या जंगलात, वानरं आणि माकडं मरून पडत असल्याची बातमी पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरपर्यंत पोहोचली. हे सेंटर 1952 साली आयसीएमआर आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून सुरू केलं होतं. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. तेव्हाचे संचालक टेलफर्ड वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मनात पहिली भीती आली ती पीतज्वराची. दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत पीतज्वर आला की आधी माकडं मरतात, मग माणसं. आशियात तो कधी आलेला नव्हता आणि त्याचा डास मात्र इथे घरोघरी होता. तो आला असता तर काय झालं असतं, याची कल्पनाही नको वाटते.

प्रयोगशाळेत विषाणू सापडला तो वेगळाच निघाला. त्याचं नातं रशियातल्या गोचिडीजन्य मेंदूज्वराच्या विषाणूशी जुळत होतं. सैबेरियातला भाऊबंद शिमोग्यात कसा? हिवाळी पाहुणे पक्षी अंगावरच्या गोचिडींतून तो घेऊन येतात का, हे तपासायला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, सालिम अलींच्या नेतृत्वाखाली, पक्ष्यांच्या पायात कडी घालायला सुरुवात केली. पक्ष्यांनी विषाणू आणल्याचा पुरावा काही मिळाला नाही. पण भारतातल्या पक्ष्यांच्या स्थलांतराचा पद्धतशीर अभ्यास त्यातून उभा राहिला. एका तापाच्या शोधात निघालेली माणसं आपल्याला बदकांचे आणि धोबी पक्ष्यांचे रस्ते देऊन गेली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्याच काळात पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या अनेक कर्मचाऱ्यांना या विषाणूची लागण झाली, हेही विसरता येत नाही. आज पाषाणला त्यासाठी जैवसुरक्षेच्या चौथ्या, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीची प्रयोगशाळा आहे. तेव्हा तसं संरक्षण नव्हतं.

क्यासनूरच्या जंगलात शास्त्रज्ञ पांढरं फ्लॅनेलचं कापड जमिनीवरून ओढत चालायचे. अंगाला घासून जाणारं काहीतरी आलं, एवढंच गोचिडीला कळतं आणि ती कापडाला चिकटते. मग कापड उलटायचं आणि पांढऱ्यावरचे ठिपके चिमट्याने वेचून मोजायचे. असे हजारो ठिपके वेचल्यावर मुख्य वाहक ठरली ती हेमाफायसॅलिस स्पिनिजेरा ही जात. हेमाफायसॅलिस या प्रजातीतल्या गोचिडींना डोळे नसतात. ती पानाच्या टोकाशी येऊन पुढचे दोन पाय हवेत पसरून बसते. त्या पायांवरच्या बारीक खाचेतल्या इंद्रियाला श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब जाणवते. कुणी जवळून गेलं की ती नुसती पाय टेकवते. तिला उडी मारता येत नाही, तिला फक्त वाट बघता येते.

तिच्या आयुष्यात तीन जेवणं असतात आणि तिन्ही रक्ताची. अंड्यातून निघालेलं सहा पायांचं पिल्लू उंदीर, चिचुंद्री, जमिनीवरचे पक्षी यांना चिकटतं. वेळ पडली तर माकडालाही. पोट भरलं की खाली पडतं, कात टाकतं आणि आठ पायांचं निम्फ होतं. निम्फ पुन्हा कुणाला तरी चिकटतं, पुन्हा गळून पडतं, पुन्हा कात टाकतं. प्रौढ मादीला मोठं जनावर लागतं: गाय, म्हैस, सांबर. तिचं पोट भरलं की ती जमिनीवर येऊन हजारांनी अंडी घालते आणि मरते. विषाणू एका जेवणात पोटात गेला की कात टाकल्यावरही गोचिडीच्या अंगात राहतो. पिल्लाने उंदराकडून घेतलेला विषाणू निम्फ माणसाला देऊ शकतं, ते असं.

या साखळीत प्रत्येक प्राण्याचं काम वेगळं आहे. उंदीर-चिचुंद्र्या विषाणूला गाजावाजा न करता सांभाळतात. माकडाच्या रक्तात तो इतका वाढतो की त्या काही दिवसांत त्याला चावणाऱ्या गोचिडी मोठ्या संख्येने बाधित होतात. माकड मेलं, अंग थंड पडलं की त्या उतरून आसपासच्या पाल्यात पसरतात. माणूस या साखळीचा शेवट आहे: त्याच्याकडून दुसऱ्या माणसाला ताप जात नाही, आणि साखळीला त्याची गरजही नाही.

गाय मात्र कोड्यात टाकते. तिच्या रक्तात हा विषाणू म्हणावा असा वाढत नाही. तरीही 1969 साली होर्हे बोशेल यांनी लिहिलेल्या निबंधात गाय केंद्रस्थानी आहे. बोशेल कोलंबियाचे. आपल्या देशात त्यांनी पाहिलं होतं की लाकूडतोडे झाड पाडतात तेव्हा शेंड्यावर राहणारे निळे डास खाली येतात आणि पीतज्वर माणसापर्यंत पोहोचतो. शिमोग्यात त्यांनी तशाच नजरेने पाहिलं. जंगलाच्या कडेला भातशेती वाढली, माणसं वाढली, माणसांबरोबर गुरं वाढली आणि ती चरायला जंगलात शिरली. गुरं विषाणू देत नाहीत, पण प्रौढ गोचिडींना आयतं जेवण देतात. गोचिडींची पैदास वाढली की जंगलात कुठेतरी शांत पडून असलेल्या विषाणूला वाहनं वाढतात. या मांडणीतला प्रत्येक दुवा अजून पक्का सिद्ध झालेला नाही आणि अलीकडच्या अभ्यासकांनी तसं स्पष्ट म्हटलं आहे. पण त्यांच्या नकाशांतही धोका घनदाट जंगलाच्या पोटात कमी आणि जंगल, बागा, वस्ती यांची सरमिसळ झालेल्या पट्ट्यात जास्त दिसतो. 1982-83 मध्ये दक्षिण कन्नड जिल्ह्यात बेळतंगडी तालुक्यात निडले गावाजवळ काजूच्या लागवडीसाठी जंगल तोडलं गेलं आणि तिथे मोठी साथ आली.

अनेक दशकं हा आजार कर्नाटकातल्या काही जिल्ह्यांचा मानला गेला. 2012-13 पासून ते चित्र बदललं. बंदीपूर, निलगिरी, वायनाड अशी नावं यायला लागली. 2015 मध्ये गोव्यातला सत्तरी तालुका, 2016 मध्ये आपला दोडामार्ग, पुढच्या वर्षी बांदा. 2016 मध्ये गोव्याच्या काजू बागांत हंगामापुरते कामाला आलेले बेळगाव भागातले मजूरही आजारी पडले. विषाणू नव्याने आला की आधीपासून होता आणि तपासणी आता झाली, याबद्दल मतं वेगवेगळी आहेत. गावातल्या जुन्या, ‘कसल्याशा तापाने गेला’ अशा आठवणी ऐकल्या की मला दुसरी शक्यता नाकारता येत नाही.

मला सगळ्यात जास्त छळतं ते दोन हंगामांचं जुळणं. पावसाळ्यात प्रौढ गोचिडी गुरांवर असतात. पाऊस ओसरला की पिल्लं निघतात. नोव्हेंबरपासून निम्फ वाढतात आणि मे महिन्यापर्यंत पातेऱ्यात वाट बघत बसतात. कोकणात नेमकं तेव्हाच भात कापून झालेलं असतं, गुरं मोकळी सोडलेली असतात, जळणाच्या मोळ्या आणायच्या असतात, गोठ्यात पसरायला पातेरा जमवायचा असतो. आणि जानेवारी ते मे काजू. ज्या महिन्यांत निम्फ भुकेलं असतं त्याच महिन्यांत घरात वर्षाचा पैसा यायचा असतो, आणि तो पाल्यात हात घालूनच यायचा असतो. ‘जंगलात जाऊ नका’ हा सल्ला इथे ‘कमावू नका’ असा ऐकू जातो, आणि तसा तो ऐकला गेला तर मी ऐकणाऱ्याला दोष देणार नाही.

लस होती. फॉर्मॅलिनने निष्क्रिय केलेल्या विषाणूची ही लस कर्नाटकात 1990 पासून दिली गेली: महिन्याच्या अंतराने दोन डोस, सहा-नऊ महिन्यांनी बूस्टर, मग दरवर्षी आणखी. टोचल्यावर दुखायचं म्हणून बरेच जण पुढचे डोस घ्यायला यायचे नाहीत. 2005 ते 2010 च्या आकडेवारीवरून केलेल्या अभ्यासात दोन डोसांचा उपयोग 62 टक्के आणि बूस्टरसह 83 टक्के दिसला. पुढे लशीची ताकद कमी पडू लागली आणि 2022 मध्ये ती बंद झाली. नव्या लशीचं काम चालू आहे. तोवर डीआरडीओच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेने तयार केलेलं डेपा तेल हाता-पायांना लावायचं, अंगभर कपडे घालायचे, घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून कपडे उकळत्या पाण्यात टाकायचे. एप्रिलच्या उकाड्यात पायघोळ कपडे घालून दिवसभर वाकणं काय असतं, हे त्या सकाळी मी तासाभरात अनुभवलं. तरी बाईंनी पुरुषाचा लांब बाह्यांचा शर्ट साडीवर चढवलेला होता. सल्ला बरोबर आहे, मी एवढंच म्हणते की तेलाची बाटली हंगामाच्या आधी दारात पोहोचली पाहिजे.

आणि मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता लगेच कळवायचं. म्हणजे भोवतालच्या पन्नास मीटरच्या घेऱ्यात कीटकनाशक मारता येतं आणि उतरलेल्या गोचिडी पसरायच्या आत अडवता येतात. या आजारात जंगलाकडून मिळणारी ही एकमेव आगाऊ सूचना आहे. दुपारी बाई पातेऱ्यावर न बसता कातळावर बसल्या आणि डबा उघडता उघडता त्यांनी सांगितलं की दोन वर्षांमागे शेजारच्या बागेत एक माकड मरून पडलं होतं. वास यायला लागला तेव्हा मुलग्यांनी ते फांदीने ढकलत नेऊन ओहळात टाकलं. कळवायचं असतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच हंगामात वाडीतला एक जण तापला आणि पंधरा दिवस हॉस्पिटलात काढून आला.

निघताना त्या मला मांगरात घेऊन गेल्या. भिंतीवर कोळशाने, लांबूनही वाचता येईल एवढ्या मोठ्या आकड्यांत, आशाताईंचा फोन नंबर लिहिलेला होता. त्याच्या खाली आदल्या दिवसापर्यंतच्या बियांचा किलोंतला हिशेब होता. बाईंनी पिशवी काट्याला अडकवली, वजन पाहिलं आणि कोळशाचा तुकडा शोधू लागल्या.