सक्ती नेमकी कोणावर?

"झील शाळेत गेलो नाय तर बापाशीक दंड पडतलो." सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या एखाद्या ओसरीवर आजही असा धाक ऐकू येईल. तो अगदीच हवेतला नाही. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा वेगळ्या वाटेने गेला. ६ ते १४ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे कलम १० नुसार पालकाचं कर्तव्य आहे, पण ते चुकलं म्हणून या कायद्यात पालकाला दंडही नाही, कैदही नाही. 'सक्ती' हा शब्द कलम ८ मध्ये सरकारला लावलेला आहे. मुलाचा प्रवेश, रोजची हजेरी आणि आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होणं, तिन्ही पाहायचं ते सरकारने. पोर दिसेनासं झालं की शाळेने घर गाठायला हवं, ते यामुळेच.

म्हणून पालक मोकळे झाले, असं मात्र नाही. २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने मुलाला शिकण्याची संधी देणं हे पालकाचं मूलभूत कर्तव्य ठरवलं आहे.

"घरच्या कामाला कायदा लागत नाही" हा समज जास्त घातक. पिंगुळीत ठाकर समाजाची घरं चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आली; परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. पोथीतलं चित्र कधी पालटायचं, बाहुलीची कुठली दोरी ओढली की मान हलते, हे पोर बापाशेजारी बसूनच शिकतं. त्याला कायद्याची आडकाठी नाही. २०१६ च्या बालमजुरी दुरुस्तीनुसार घरच्या धोका नसलेल्या व्यवसायात मूल हातभार लावू शकतं, पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत. बाहुल्यांच्या खेळासाठी वर्ग बुडवणं त्यात बसत नाही. हे बंधन कलेच्याही भल्याचं आहे; शिकलेला कलाकार आपली पोथी जगापुढे स्वतः मांडू शकतो.

आणि "दाखला नाही, आता पुढच्या वर्षी बघू" म्हणणाऱ्यांसाठी: जन्मदाखला नाही किंवा जुन्या शाळेचा दाखला यायचा आहे, एवढ्यावर प्रवेश नाकारता येत नाही. कामासाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना महाराष्ट्रात शिक्षण हमी पत्रक मिळतं. निघण्याआधी ते शाळेतून मागून घ्यावं. नव्या गावी पोर त्यावर थेट वर्गात बसतं.