दानाच्या तिकिटावर दलालाचा डल्ला

परळी वैजनाथला भीमजयंती जवळ आली की वस्तीवस्तीत पावतीपुस्तके निघतात. कुठे गायन पार्टी, कुठे विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी तिकीट लावून कव्वालीचा मुकाबला. औष्णिक केंद्रातला कंत्राटी कामगार किंवा वीटभट्टीवरची माय ५० रुपयांचे तिकीट घेते, तेव्हा ती नुसती करमणूक विकत घेत नाही; समाजाच्या लेकरांच्या शिक्षणात आपला वाटा टाकते.

अशाच एका कार्यक्रमाला ५० चे तिकीट दारावर २०० ला विकले जाताना आम्ही पाहिले. कोणीतरी गठ्ठाच आधी उचलला होता. निधीत पडले ५०, दलालाच्या खिशात गेले १५०! आणि ज्यांच्यासाठी कार्यक्रम, ती माणसे दाराबाहेर. तक्रार नेमक्या कोणत्या कलमाखाली लिहायची, हा प्रश्न वकील असूनही आम्हाला पडला.

हे केवळ परळीचे दुखणे नाही. जगातील दारिद्र्याकडे श्रीमंत राष्ट्रांचे लक्ष वेधण्यासाठी २ जुलै २००५ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये 'लाइव्ह एट' हा कार्यक्रम झाला. त्याची फुकट वाटलेली तिकिटे लोकांनी 'ईबे'वर विकायला काढली. कायदा आडवा येत नव्हता. लोक संतापले म्हणून कंपनीने ती विक्री थांबवली. आयर्लंडने मात्र २०२१ मध्ये कायदाच केला. ठरवून दिलेल्या मोठ्या स्थळांवरील कार्यक्रमांचे तिकीट मूळ किमतीपेक्षा जास्त भावाने पुन्हा विकणे तिथे गुन्हा आहे. निधी उभारणाऱ्या धर्मादाय संस्थांना तेवढी सवलत आहे. म्हणजे वरचा पैसा गेलाच तर सेवेकडे जावा, दलालाकडे नव्हे.

आपल्याकडे काय आहे? महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम ३३ सार्वजनिक करमणुकीच्या जागांसाठी नियम करण्याचा अधिकार पोलीस आयुक्त व जिल्हा दंडाधिकाऱ्यांना देते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चे कलम ४१क धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करणाऱ्यांवर बंधन घालते. पण दानाचे तिकीट चढ्या भावाने विकणाऱ्याला नेमके पकडणारी तरतूद कुठे आहे? जानेवारी २०२५ मध्ये, नवी मुंबईत 'कोल्डप्ले'चे कार्यक्रम व्हायचे होते तेव्हा, तिकिटांच्या ऑनलाइन काळाबाजाराविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. धोरण ठरवणे हे विधिमंडळाचे व शासनाचे काम, असे न्यायालयाचे म्हणणे. ठीक आहे; मग विधिमंडळाने ते करावे!

कोणी म्हणेल, तिकीट ज्याने घेतले तो मालक, हव्या त्या भावाने विकेल. आम्ही विचारतो, तिकीट म्हणजे काय आडतीवरची ज्वारी आहे? दानासाठी काढलेल्या तिकिटामागे देणाऱ्याचा विश्वास असतो. त्यावर नफा कमावणे म्हणजे दानपेटीत हात घालणेच होय.

आमची मागणी साधी आहे. धर्मादाय कार्यक्रमाचे तिकीट छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेऊन पुन्हा विकता येऊ नये. वरची रक्कम जप्त करून त्याच निधीत जमा करावी.

पण कायदा येईपर्यंत आपले घर आपणच सावरले पाहिजे. तिकिटावर क्रमांक, किंमत, संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि निधीचा हेतू छापा. एका हाती गठ्ठा देऊ नका. कार्यक्रमानंतर आठ दिवसांत जमाखर्च विहाराच्या फळ्यावर लावा. वीटभट्टीवरच्या मायच्या ५० रुपयांचा हिशेब समाजाला दिसलाच पाहिजे.