जास्त जोरात पळालात तर हरलात!

एक गणित सोडवून बघा. सरळ रस्ता, अंतर ६६० फूट, दोन गाड्या. पहिल्या गाडीत नऊ वर्षांची मुलगी आहे. तिनं रेस सुरू व्हायच्या आधीच गाडीवर आकडा लिहिलाय : १२.१०. म्हणजे ‘मी हे अंतर १२.१० सेकंदांत कापणार’. शेजारच्या गाडीत अकरा वर्षांचा मुलगा, त्याचा आकडा ९.००. तिची गाडी हळू, म्हणून तिला हिरवा दिवा ३.१० सेकंद आधी मिळतो. दिवा लागल्यावर दोघंही सारख्याच चपळाईनं निघतात. मुलगी १२.१४ सेकंद घेते, मुलगा ८.९५. शेवटची रेघ मुलानं आधी ओलांडली. जिंकलं कोण?

मुलगी. कारण मुलगा स्वतःच सांगितलेल्या वेळेपेक्षा लवकर पोचला. याला म्हणतात ‘ब्रेकआउट’, आणि ब्रेकआउट झाला की रेस गेली. दोघांचाही झाला, तर ज्याचा कमी झाला तो जिंकतो. हिरवा दिवा लागायच्या आत निघालात, तरीही बाद.

‘ज्युनिअर ड्रॅग रेसिंग’ म्हणतात ते हेच. नाव ऐकून ‘फास्ट अँड फ्युरियस’ आठवलं असेल, पण इथे नुसता अॅक्सिलरेटर पिळून काही होत नाही. आपली गाडी आज, या हवेत, नेमकी किती पळेल हे आधी ओळखायचं आणि मग तेवढीच पळवायची. खेळ सगळा एवढाच, आणि तो वाटतो त्यापेक्षा फार अवघड आहे.

गवत कापायच्या मशिनचं इंजिन

या खेळाचं मूळ अमेरिकेत. न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउन इथल्या रेसवे पार्क या ट्रॅकचे विन्सेंट नॅप यांनी आपल्या मुलासाठी खऱ्या ड्रॅगस्टरची अर्ध्या मापाची प्रतिकृती बनवली. तिला इंजिन लावलं ते लॉनमोअरच्या जातीचं, एका सिलिंडरचं. तिथल्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशननं, म्हणजे एनएचआरएनं, १९९२ मध्ये ही कल्पना उचलली आणि तिची रीतसर लीग झाली. आज तिथे ५ ते १७ वर्षांची मुलं-मुली एकाच ट्रॅकवर उतरतात. वयाप्रमाणे वेगाला लगाम असतो. सगळ्यात मोठ्या मुलांनाही ठरलेल्या मर्यादेच्या पुढे जायची मुभा नाही.

६६० फूट म्हणजे साधारण २०० मीटर. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापासून कसबा गणपतीकडे चालायला लागलात, तर देवळाच्या पायरीशी पोचायच्या आत हे अंतर संपतं.

आता तुमच्या मनात आलं असेल, आम्ही तर १७ ओलांडून कधीच पुढे आलो, आमचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे. या गाडीच्या सीटवर बसायचं तुमचं वय गेलं, पण हातात पाना धरायचं वय आत्ता सुरू आहे. आणि दुसऱ्याच्या, त्यातही आपल्यापेक्षा लहान कुणाच्या तरी जिवासाठी गाडी बनवणं, ही स्वतःची बाइक ‘मॉडिफाय’ करण्यापेक्षा अगदी वेगळी गोष्ट आहे.

अॅक्टिव्हा समजली तर अर्धी ड्रॅगस्टर समजली

ही गाडी आतून बघितली तर भीती वाटण्यासारखं काही नाही. लांबुळका सांगाडा, पुढे सायकलसारखी दोन बारीक चाकं, मागे दोन रुंद, बिनखाचांचे टायर. इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे. सस्पेन्शन नाही, डिफरन्शियल नाही, गिअर बदलायची भानगड नाही. आहे तो पट्ट्यावर चालणारा व्हेरिएटर. म्हणजे तुमच्या गिअरलेस स्कूटरमध्ये आहे तोच प्रकार! इंजिनचे फेरे वाढले की आतली वजनं बाहेर फेकली जातात, पुलीच्या दोन बाजू जवळ येतात, पट्टा वर सरकतो आणि गिअर आपोआप बदलत जातो. आपल्याकडे ही करामत घराघरांत नेली ती १९८० च्या दशकात आलेल्या कायनेटिक होंडानं. ती वजनं आणि स्प्रिंग बदलली की गाडी किती फेऱ्यांवर झेप घेणार हे बदलतं. ड्रॅगस्टरच्या ट्यूनिंगचा मोठा भाग याच डबीत दडलेला असतो.

दुसरा भाग वहीत. थंड हवा दाट असते, दाट हवेत ऑक्सिजन जास्त, म्हणून सकाळी गाडी चपळ धावते आणि भर दुपारी तीच गाडी सुस्तावते. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. इथली हवा मुंबईपेक्षा विरळ, म्हणजे तेच इंजिन इथे जरा कमी ताकद देणार. म्हणून प्रत्येक फेरीची वेळ, तापमान, आर्द्रता, टायरमधली हवा, सगळं लिहून ठेवायचं. वही नसेल तर गाडीवर लिहायचा तो आकडा म्हणजे निव्वळ मटका.

ठोकलं की कडक, तापवलं की नरम

सांगाडा बनतो पोलादी नळ्यांचा. साधं पोलाद चालतं, पण चांगल्या गाड्यांना क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं ‘क्रोमोली’ वापरतात. त्यानं कमी वजनात जास्त ताकद मिळते. नळी वाकवणं आणि वेल्डिंग ही दोन कामं इथे जिवावरची आहेत. कारण वेल्डिंगची रेघ दिसायला कितीही देखणी असली, तरी तिच्या अगदी शेजारचा धातू उष्णतेनं बदललेला असतो आणि धोका असतो तो तिथे.

हे पुस्तकातून डोक्यात शिरत नसेल, तर मेट्रोनं कसबा पेठ स्टेशनला उतरा आणि तांबट आळीत चक्कर मारा. पेशवाईपासून इथे तांब्या-पितळेची भांडी घडवली जातात. हंडे, घंगाळं, बंब. भांड्यावर हातोडीनं एकसारखे ठोके देत जायचं, याला तांबट मठारकाम म्हणतात. ठोकता ठोकता तांबं कडक होत जातं. आणखी ठोकलं तर चिरेल, म्हणून ते भट्टीत तापवून पुन्हा नरम करायचं आणि मग पुढचे ठोके. ‘वर्क हार्डनिंग’ आणि ‘अॅनिलिंग’ असे दोन शब्द तुम्ही मटेरिअल सायन्सच्या पेपरसाठी पाठ केले असतील, ते या आळीत पिढ्यान् पिढ्या हाताच्या अंदाजानं चालत आलेत. धातूला मागची प्रत्येक मार आणि प्रत्येक आच लक्षात राहते, हे एकदा कळलं की सांगाड्याच्या नळीशी कुणी मस्ती करत नाही.

त्यात ही गाडी मुलाची, आणि मूल वाढतं. म्हणून पेडल मागे-पुढे सरकवता यायला हवं. सीटमध्ये अंगाच्या आकाराचा फोम भरायचा, तो उंचीप्रमाणे बदलत राहायचा. हेल्मेटच्या वर रोल केजपर्यंत पुरेशी मोकळी जागा उरते का, हे दर सीझनला मोजायचं. मागच्या वर्षी बरोबर बसलेली गाडी यंदा धोक्याची असू शकते. त्याशिवाय पाच-सहा पट्ट्यांचा हार्नेस, आगीपासून वाचवणारं जॅकेट, हातमोजे, मानेभोवती कॉलर. हात पिंजऱ्याबाहेर जाऊ नयेत म्हणून दंडांना पट्टे. साखळीवर भक्कम आवरण. इंजिन बंद करायचं बटण ड्रायव्हरच्या हाताशी एक आणि बाहेरच्या माणसाला सापडेल असं मागे एक.

यात एकही गोष्ट ‘नंतर लावू’ म्हणण्याजोगी नाही. बारा वर्षांची मुलगी पट्टे आवळून बसते तेव्हा ती तुमचे मार्क विचारत नाही. तुमच्या वेल्डिंगवर विश्वास ठेवून बसते.

मग पुण्यात करायचं काय?

आपल्याकडे मुलांची मोटरस्पोर्टमधली वाट जाते ती कार्टिंगमधून. मुंबईचा जेहान दारूवाला २०११ मधल्या फोर्स इंडियाच्या शोधमोहिमेत निवडला गेला तो कार्टिंगमधूनच, आणि पुढे फॉर्म्युला टू आणि फॉर्म्युला ईपर्यंत पोचला. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत. आणि कार्टलाही तेच लागतं : एका सिलिंडरचं इंजिन, नळ्यांचा सांगाडा, वही आणि डोकं ठिकाणावर असलेला मेकॅनिक.

गाडी बनवायला शिकायचं तर कॉलेजातच दार आहे. बाहा एसएईइंडिया ही स्पर्धा २००७ पासून चालू आहे. तिथे ओबडधोबड वाटांवर धावणारी गाडी मुलंच बनवतात आणि पेट्रोल गटात सगळ्यांना १० हॉर्सपॉवरचं एकच ठरावीक ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन इंजिन वापरावं लागलं आहे. गंमत म्हणजे ज्युनिअर ड्रॅगस्टरची सुरुवातही याच कंपनीच्या ५ हॉर्सपॉवरच्या इंजिनावर झाली. फॉर्म्युला स्टुडंटमध्ये आपल्या सीओईपीची ‘ऑक्टेन रेसिंग’, मुंबईची ‘ओरायन’, आयआयटी बॉम्बेची टीम अशी कितीतरी नावं आहेत. तिथे ट्रॅकवर जायच्या आधी ड्रायव्हरला पट्ट्यांसकट बसवून सांगतात, पाच सेकंदांत बाहेर ये. नाही आलात तर गाडी जागेवरच उभी. मेकॅनिकलचे नसाल तरी चालतं. इलेक्ट्रॉनिक्स, हिशोब, स्पॉन्सरशिप, डिझाइन, सगळ्यासाठी हात लागतात.

आता थोडं कडू. १९ मे २०२४ ची पहाट पुणं विसरलेलं नाही. कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शेनं मोटरसायकलला उडवलं आणि दोन तरुण इंजिनिअर गेले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार स्टिअरिंगवर १७ वर्षांचा मुलगा होता. त्याला जामिनासाठी घातलेली ३०० शब्दांच्या निबंधाची अट देशभर गाजली. कायदा तर आधीपासून होता. १८ च्या आत चारचाकीचं लायसन्स नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजारांचा दंड होऊ शकतो. परवानगीशिवाय रस्त्यावर रेस लावणं हाही गुन्हाच.

पण १५-१६ व्या वर्षी वेगाची ओढ वाटते, ती कायद्याला विचारून येत नाही. तुमच्या-माझ्या ग्रुपमध्येही रात्री मोकळ्या रस्त्यावर ‘लावतो का?’ म्हणणारा कुणीतरी असतोच. त्या ओढीला कुणी जागा, पट्टे, घड्याळ आणि नियम दिले नाहीत, तर ती रस्त्यावर येते. आणि रस्त्यावर समोरून कोण येतंय, हे कुणी गाडीवर लिहून ठेवलेलं नसतं.

म्हणून या सीझनला कॉलेजची टीम भरती काढेल तेव्हा नाव द्या. आणि सोसायटीत, वाड्यात एखादं दहावीतलं पोरगं गाड्यांसाठी वेडं असेल, तर रविवारी त्याला वर्कशॉपमध्ये घेऊन जा. हातात आधी वही द्या, मग पाना. चावी सगळ्यात शेवटी.