इंजिन पाठीवर, पातं हातात

आजच्या गप्पांची सुरुवात एका बंद पडलेल्या यंत्रापासून करू.

आम्ही म्हणजे राहुरी तालुक्यात बचत गटांचं काम बघणाऱ्या ताया आणि गटातल्या बायका. आमच्याकडे मुळा धरणाच्या कालव्याचं पाणी आहे, म्हणून दारात गायी आहेत. गायी आहेत म्हणून रोजचा चारा आहे. घास, मका, नेपियर, बांधावरचं गवत. दुधाचं बिल बहुतेक घरी पुरुषाच्या नावावर निघतं, चाऱ्याचा भारा मात्र बाईच्या डोक्यावर असतो. गटाच्या बैठकीत कंबरदुखीचा विषय निघाला नाही असा महिना जात नाही. म्हणून आम्ही ठराव केला आणि गटाच्या बचतीतून पाठीवर घ्यायचा ब्रश कटर आणला. ज्या घरी लागेल तिथे भाड्याने द्यायचा, असं ठरलं.

महिनाभर बरं चाललं. मग एक दिवस इंजिन सुरू होईना असं नाही, ते झालं. आवाज नेहमीसारखा, रेसही वाढत होती. पातं मात्र जागचं हलेना. दुरुस्तीला नेलं तर ऐकायला मिळालं, "बायकांच्या हातात मशीन टिकत नाही, ताई."

आम्ही तिथेच उभ्या राहिलो. म्हटलं, दादा, आमच्यासमोर उघडा. इंजिनापासून दांड्यापर्यंत जी काळी, वाकणारी नळी जाते ती त्यांनी सोडवली. आतून तारेची गुंडाळी निघाली. पेन्सिलीएवढी जाड, कोरडी ठणठणीत, आणि एका जागी पिळून तुटलेली. यंत्र घेताना आत अशी तार आहे आणि तिला ग्रीस लागतं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं. आजचं बोलणं त्या तारेविषयी आहे.

आधी एक साधा प्रश्न. इंजिन एकीकडे आणि काम दुसरीकडे असेल तर इंजिनाचा जोर कामापर्यंत पोचवायचा कसा?

पिठाची गिरणी आठवा. मोटर बाजूला, जातं बाजूला, मध्ये पट्टा. आपल्या शिलाई मशीनचंही तसंच. पाय खाली पायट्यावर, सुई वर, मध्ये चामड्याची वादी. पण गिरणी असो की शिलाई मशीन, दोन्ही चाकं एकमेकांसमोर पक्की बसवलेली लागतात. चाक सरकलं की पट्टा उतरला.

आता ट्रॅक्टर बघा. मागे रोटाव्हेटर जोडला की मध्ये लोखंडी शाफ्ट येतो. बहुतेक ट्रॅक्टरवर तो मिनिटाला 540 फेरे घेईल असा हिशोब असतो. रोटाव्हेटर वरखाली होतो तरी शाफ्ट फिरत राहतो, कारण त्याच्या दोन टोकांना क्रॉस असतात. तिथे तो मनगटासारखा वाकतो. पण वाकतो तो तेवढ्या दोन जागीच, आणि तेही थोडाच.

हाताने धरायच्या अवजाराला हे पुरत नाही. विळा आपण कसा फिरवतो? बांधावर उंच, सरीत खाली, झाडाच्या बुंध्याजवळ आडवा. हात जिकडे वळेल तिकडे जोर वळला पाहिजे. त्यासाठी असा दांडा हवा, जो सापासारखा कुठेही वाकेल आणि वाकलेला असतानाही स्वतःभोवती फिरत राहील. त्यालाच फ्लेक्सिबल शाफ्ट म्हणतात. आपण त्याला वाकणारी तार म्हणू.

ही तार तुम्ही पाहिलेली आहे. जुन्या स्कूटरच्या, मोटारसायकलच्या पुढच्या चाकापासून हँडलवरच्या मीटरपर्यंत एक काळी केबल जायची. चाक फिरलं की आतली तार फिरायची, तार फिरली की वेगाचा काटा हलायचा. हँडल कितीही वळवा, तार आपली फिरतच. आणि ती तुटली की गाडी पळायची पण काटा शून्यावर. आमच्या ब्रश कटरचं तेच झालं होतं.

आता तिची बनावट सांगतो. मध्ये एक बारीक तार असते. तिच्यावर तारांचा एक थर गुंडाळलेला असतो, समजा उजवीकडून डावीकडे. त्यावर दुसरा थर, उलट दिशेने. त्यावर तिसरा, पुन्हा उलट. असे थरावर थर. एकच जाड सळई वाकत नाही, पण बारीक तारांची गुंडाळी वाकते. आणि थर उलटसुलट असल्यामुळे पीळ दिला की एक थर दुसऱ्याला आवळून धरतो. त्यामुळे ती वाकते तरी पिळाचा जोर पुढे नेते.

घरी करून बघा. सुतळीचा तुकडा दोन्ही हातांत धरा आणि तिच्या पिळाच्याच दिशेने पीळ द्या. घट्ट होईल. उलटा पीळ द्या, पदर सुटतील. शाफ्टचा सगळ्यात बाहेरचा थरही असाच आहे. एका दिशेने फिरवला की आवळतो, उलट फिरवला की सैल पडतो. म्हणून तार बदलताना ती त्याच यंत्राची, त्याच दिशेची घ्यायची. लांबी जुळली म्हणून दुसरी कुठलीही बसवायची नाही.

ही युक्ती आजची नाही. ऑस्ट्रेलियात मेंढ्यांचे मोठमोठे कळप असतात. तिथे फ्रेडरिक वोल्सले नावाच्या माणसाने लोकर कातरायचं यंत्र केलं. 1888 साली डनलॉप नावाच्या मेंढवाड्यावर 40 कातरणाऱ्यांनी सगळा कळप यंत्राने कातरला. शेडमध्ये इंजिन एकच. त्याचा जोर वरच्या आडव्या दांड्यावरून प्रत्येकाच्या जागेपर्यंत यायचा आणि तिथून वाकणाऱ्या नळीतून हातातल्या कातरीपर्यंत. आपल्याकडे पारनेर, संगमनेरच्या माळावर आजही धनगर भाऊ हाताच्या कातरीने लोकर उतरवतात. बोटं दुखणं म्हणजे काय ते त्यांनाही विचारा.

दातांच्या डॉक्टरांचंही असंच. अमेरिकेत जेम्स मॉरिसन यांनी 1871 साली दात कोरायच्या पायाच्या यंत्राचं पेटंट घेतलं. शिलाई मशीनसारखा पायटा खाली, कोरणी हातात.

आणि तुमच्यातल्या ज्या बांधकामावर जातात त्यांनी स्लॅबच्या दिवशी व्हायब्रेटर पाहिलाच असेल. इंजिन बाजूला फळीवर धडधडत असतं आणि एक लांब काळी नळी काँक्रीटमध्ये घालतात. त्या नळीत हीच तार असते. सोनाराकडे वर टांगलेली छोटी मोटर आणि हातातली कोरणी, तीही तशीच.

या सगळ्यांत सूत्र एकच आहे. जे जड आहे, तापतं, थरथरतं, ते हातापासून लांब ठेवायचं. हातात फक्त काम करणारं टोक द्यायचं.

आता आपल्या पाठीकडे येऊ. बाजारात ब्रश कटर मुख्यतः दोन प्रकारचे मिळतात. एक, बाजूला लटकवायचा. त्यात इंजिन दांड्याच्या मागच्या टोकालाच असतं, आत सरळ सळई असते आणि सगळं वजन खांद्यावरच्या पट्ट्याला. दुसरा, पाठीवरचा. त्यात इंजिन दप्तरासारखं पाठीवर आणि मध्ये वाकणारी तार. दुकानात सांगतात, "पाठीवरचा हलका पडतो." तसं नाही. काट्यावर ठेवला तर पाठीवरचा बहुतेक वेळा थोडा जडच भरतो. फरक वजन कुठे बसतं याचा आहे. दोन्ही खांदे आणि पाठ मिळून ते उचलतात, हातांना फक्त दांडा वळवायचा राहतो. डोक्यावर हंडा आणि हातात हंडा यांतला फरक आपल्याला कुणी शिकवायला नको. बांधाच्या उतारावर, वेड्यावाकड्या जागी पाठीवरचा सोयीचा. सपाट रानात सरळ ओळीने कापायचं असेल तर बाजूचाही चालतो, आणि त्यात तुटायला ही तार नाही.

पण पाठीवरच्याची गरमी आणि थरथर पाठीला लागते. म्हणून आमच्या गटात एकीने सलग फार वेळ चालवायचा नाही, दोघींनी आलटून पालटून घ्यायचा असा नियम आहे. पट्टे प्रत्येकीने आपल्या उंचीप्रमाणे आवळून घ्यायचे. पुरुषाच्या मापाला सोडलेला पट्टा तसाच घातला तर इंजिन कंबरेवर आपटत राहतं. गरोदर बाईने किंवा पाठीचं ऑपरेशन झालेल्या बाईने हे यंत्र घ्यायचं नाही.

आता तारेची निगा. तुटलेल्या तारेने आम्हाला शिकवलेल्या चार गोष्टी.

पहिली, ग्रीस. तार नळीत घासत फिरते, तीही मिनिटाला हजारो फेरे. कोरडी राहिली की तापते, झिजते, तुटते. यंत्राच्या पुस्तकात किती तासांनी ग्रीस लावायचं ते दिलेलं असतं. तार बाहेर ओढायची, फडक्याने जुनी घाण पुसायची, सांगितलेलंच ग्रीस पातळ थराने लावायचं. थापायचं नाही. जास्त झालं तर तेही तापतं आणि नको तिथे जातं. दांड्याच्या खालच्या टोकाला, पात्याजवळ गिअर असतात. त्यांचं ग्रीस वेगळं, तेही विसरायचं नाही.

दुसरी, बाक. तार वाकते म्हणून ती कशीही दुमडायची नाही. जितका बाक आखूड तितकी ती जास्त तापते आणि तिची ताकद कमी होते. आमची तार तुटली ती नेमकी अशीच. कामाच्या वेळी दांडा अंगाजवळ ओढून धरायची सवय लागली होती. ठेवतानाही नळी खिळ्याला दुमडून अडकवायची नाही, मोठ्या वळणात ठेवायची.

तिसरी, टोक. तारेची टोकं बहुधा चौकोनी असतात आणि चौकोनी खाचेत बसतात. काम करताना तार किंचित आखडते, म्हणून तिथे थोडी मोकळीक ठेवलेली असते. तार घालताना हळूच फिरवत पूर्ण आत बसली का ते बघायचं. अर्धवट बसली तर टोक घासून गोल होतं. मग इंजिन फिरतं आणि पातं नुसतं बघत राहतं.

चौथी, अडकलेलं पातं. पात्यात वेल, दोरी किंवा काठी अडकली तर रेस वाढवून ती तोडायला जायचं नाही. सगळा पीळ तारेवर येतो. इंजिन बंद करायचं, पातं थांबू द्यायचं, मग काढायचं.

शेवटी जिवाची काळजी. साडीचा पदर, ओढणी, मोकळे केस, गळ्यातलं लोंबतं काही, यांतलं एकही चालणार नाही. आम्ही पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँट, बूट, डोळ्यांना चष्मा आणि कानाला बोळे लावतो. सुरुवातीला गावात हसले, आता हसत नाहीत. चालवणारीपासून 15 मीटरच्या आत कुणीही नको, पोरं तर नकोच, कारण पात्याखालून खडा गोळीसारखा उडतो. बहुतेक यंत्रांत पातं वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. म्हणून दांडा उजवीकडून डावीकडे फिरवत कापायचं. पात्याची समोरची उजवी बाजू दगडाला किंवा बुंध्याला लागली तर दांडा झटक्यात उसळतो. रेस सोडली की पातं थांबलं पाहिजे. रेस सोडूनही फिरत राहिलं तर तसंच वापरायचं नाही, आधी दुरुस्ती. पेट्रोल भरताना यंत्र पाठीवरून उतरवायचं, इंजिन थंड होऊ द्यायचं.

आमचं यंत्र आता चालू आहे. नवी तार आम्हीच बसवली, गटातल्या दोघींनी. त्यातली एक चौथी शिकलेली आहे. यंत्रासोबत एक वही असते. कुणी किती तास चालवलं, ग्रीस कधी लावलं, सगळं त्यात. मध्यंतरी एका घरी भावकीतल्या दादांनी "द्या, मी चालवतो" म्हणून यंत्र मागितलं. आम्ही म्हटलं, "द्यायला हरकत नाही. आधी आतली तार काढून दाखवा आणि ग्रीस लावून दाखवा." दादा हसले आणि आमच्याच ताईकडून शिकून गेले. यंत्र कुणाच्या नावावर आहे हे पावतीवर लिहिलेलं असतं. ते कुणाच्या हातात राहणार हे मात्र ते उघडता कुणाला येतं त्यावर ठरतं.

म्हणून मैत्रिणींनो, तुमचा गट असं यंत्र घेणार असेल, अनुदानातून घ्या की बचतीतून, दुकानात चार प्रश्न नक्की विचारा. आत तार आहे की सळई? ग्रीस कोणतं आणि किती तासांनी? सुटी तार तालुक्याला मिळते का? आणि ती आत्ता, आमच्यासमोर, काढून दाखवता का? चौथ्या प्रश्नाला नाही म्हणणाऱ्या दुकानातून चहा पिऊन बाहेर पडा.

तुमच्या गटाचं एखादं यंत्र कोपऱ्यात पडलं असेल तर आम्हाला जरूर कळवा. आपण मिळून उघडून बघू.