पाण्याखालचे फोटो निळेच का येतात?

मालवण-तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग करून आलेल्या अनेकांचे फोटो निळसर आणि धूसर दिसतात. दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा नसतो, पाण्याचा असतो.

लाल रंग जातो कुठे?
पाणी सर्वांत आधी लाल प्रकाश शोषून घेते. ५ मीटरवरच लाल रंग फिका पडतो. त्यामुळे व्हाइट बॅलन्स खाली उतरल्यावर, त्या खोलीवरच सेट करावा.

झूम की जवळून?
मधले पाणी जितके कमी, तितका फोटो स्वच्छ. म्हणून झूम टाळून मीटरभराच्या आतून, किंचित खालून वर फोटो घ्यावा.

फ्लॅश वापरावा का?
कॅमेऱ्यावरचा फ्लॅश पाण्यातले कण उजळवतो आणि फोटोभर पांढरे ठिपके येतात. दिवा असेल तर तो बाजूला, लांब धरावा.

फोन नेता येतो?
'आयपी ६८' चाचणी गोड्या पाण्यातली असते. समुद्रात डायव्हिंगसाठी बनवलेली केसच हवी. ती आधी फोन न ठेवता बादलीत बुडवून तपासावी.

काय टाळावे?
फोटोसाठी प्रवाळावर पाय टेकू नये. काही प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. फिनच्या एका फटक्यात अनेक वर्षांची वाढ मोडते.