अंगाने बारीक, तरी बीपी?

२० मार्चला महाडच्या चवदार तळ्याकडे निघालेल्या आपल्या गाड्या वडखळ नाक्याला थांबतात. चहा-वडापाव होतो, पेणचे पापड पिशवीत पडतात. अशा वेळी बीपीचा विषय निघाला की कुणीतरी तरुण कार्यकर्ता म्हणतोच, "मला कशाला होतंय? मी तर काटकुळा!" हा समज आपण सोडला पाहिजे.

वजन वाढले की रक्तदाब वाढतो, हे खरे. पोटातली चरबी मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावते, मिठाबरोबर पाणी साठते आणि रक्तवाहिन्यांवर ताण येतो. ढोबळमानाने एक किलो उतरले की वरचा आकडा एका अंकाने उतरतो. कोलेस्टेरॉलचे इतके सरळ नाही. पोट सुटले की ट्रायग्लिसराइड वाढते आणि चांगले एचडीएल घटते. पण वाईट एलडीएल बारीक माणसातही चढलेले सापडते, कारण त्यात आनुवंशिकता आणि खाण्यातल्या डालड्याचा मोठा वाटा असतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि ब्रिटनमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात तर नवजात बाळेही वजनाने कमी, पण चरबीने तितकी कमी नाहीत, असे दिसले. आईच्या पोटातल्या पोषणाशी याचा संबंध आहे. ज्यांच्या आज्या-पणज्या अर्धपोटी राबल्या, त्या आपल्या समाजाने हे जास्त मनावर घ्यावे, असे आम्हाला वाटते. बाबासाहेबांनाही मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही होते. ते गेले तेव्हा अवघे ६५ वर्षांचे होते.

भारतीयांसाठी बीएमआय २३ पासूनच जादा वजन धरतात. काट्यापेक्षा शिंप्याची टेप बरी: कंबर पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, आणि पापड, लोणचे, सुकट यांतले मीठही त्यातच मोजायचे. (पापड सोडा म्हणत नाही, रोज नको इतकेच.)

तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात बीपी आणि साखर मोफत तपासतात. पौर्णिमेला विहारात मशीन आणून बसवले तर वंदनेला आलेल्या सगळ्यांची तपासणी तासाभरात होते. आकडा १४०/९० किंवा वर आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा आणि डॉक्टरांकडे जा. वजन घटले म्हणून चालू गोळी स्वतःहून बंद करू नका.